कोणाची गं तू?

नेपल्सला आम्ही उतरलो होतो ते घर फोर्चेल्ला नावाच्या जुन्या वस्तीत होतं. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या सज्ज्यांतल्या बायका आवाज न चढवता एकमेकींशी बोलायच्या. वर वाळत घातलेल्या चादरी, खाली स्कूटरींची घाई आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दिवसभर येणारा तळणीचा वास. इमारतीच्या दाराशेजारी घंट्यांची पितळी पाटी होती, प्रत्येक बटणापुढे एकेक आडनाव. रात्री दमूनभागून परत आलो तेव्हा आपली घंटा कोणती हेच कळेना, कारण चार बटणांपुढे एकच आडनाव लिहिलेलं होतं, एस्पोसितो. सकाळी घरमालकीणबाई कॉफी घेऊन आल्या. त्याही एस्पोसितोच. माझी लेक नोकरीनिमित्त मिलानला असते, तिला इटालियन येतं. तिच्यामार्फत मी बाईंना सहज विचारलं, की तुम्ही सगळी भावकी का? दीर-जावा एकाच इमारतीत राहता का? आमच्या वसईत एका वाडीत चार दारांवर एकच आडनाव दिसलं तर दुसरा विचार मनात येतच नाही. बाईंनी साखरेचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या सहजपणे म्हणाल्या, "छे, काहीसुद्धा नातं नाही. एस्पोसितोंचं एकमेकांशी नातं नसतं."

ते वाक्य मला दिवसभर सोडेना.

मी वाढले त्या गावात लहान मुलीनं एकटीनं चालत जायचं म्हणजे ओट्याओट्यावरच्या म्हाताऱ्यांना जाब देत जायचं. केळीच्या बागांमधून जाणारी ओलसर पायवाट, कुठल्याशा विहिरीवर रहाट फिरत असल्याची कुरकुर, आणि मग ओट्यावरून येणारा तो प्रश्न, "कोणाची गं तू?" विचारणारीला माझं नाव नको असायचं, माझी शाळा किंवा इयत्ताही नको असायची. बापाचं नाव सांगितलं की ती आजोबांचं विचारी, मग ते कोणत्या आळीतले, मग आजीचं माहेर कुठलं. अशा पायऱ्या उतरता उतरता एखाद्या पायरीवर तिचा चेहरा उजळायचा. "म्हणजे आपलीच की!" त्या 'आपलीच'नंतर हातावर सुकेळीचा तुकडा पडायचा, मधासारखा चिकट, आणि पुढच्या ओट्यापर्यंत मी बोटं चाटत जायची. त्या वयात मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा. आता वाटतं, की प्रत्येक वेळी उत्तर होतं म्हणूनच कंटाळा करायची चैन मला परवडत होती. उत्तरच नसेल असं मूल त्या ओट्यांसमोरून कसं गेलं असतं, हा विचार नेपल्सच्या त्या सकाळपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता.

एस्पोसितो म्हणजे उघड्यावर ठेवलेलं मूल. जन्मानंतर कुणीतरी चर्चच्या पायरीवर, अनाथालयाच्या दाराशी ठेवून गेलेलं बाळ. आम्ही राहत होतो त्या घरापासून अगदी जवळच अनुंत्सियाताचं चर्च आहे, आणि त्याला लागून त्याच नावाची संस्था. शेकडो वर्षं नेपल्समधली टाकलेली बाळं इथे येत राहिली. दुपारी आम्ही तिथे गेलो. भिंतीत एक झरोका आहे आणि त्यामागे लाकडी चाक. चाक म्हणजे खरं तर उभं पिंप, आपल्या अक्षाभोवती फिरणारं, एका बाजूनं उघडं. बाहेरच्या माणसानं बाळ त्यात ठेवायचं आणि चाक फिरवायचं. उघडी बाजू आत जाते, बाळ आत पोचतं, आणि ठेवणाऱ्याचा चेहरा कुणालाच दिसत नाही. आत रात्रंदिवस एक बाई त्या चाकापाशी जागी असायची. ती बाळाला उचलायची, धुऊन पुसून कोरड्यात गुंडाळायची. मग वही उघडायची. बाळ कोणत्या दिवशी आलं, किती वाजता, मुलगा की मुलगी, अंगावर कोणतं कापड होतं, सोबत चिठ्ठी किंवा तावीज काही होतं का, सगळं टिपून ठेवायचं. बाळाच्या गळ्यात शिशाची लहानशी मुद्रा बांधली जायची. आणि नाव लागायचं. पाळण्यातलं नाव संताचं, आडनाव एस्पोसितो.

मी त्या झरोक्यापुढे उभी राहिले तेव्हा माझी नजर राहून राहून खालच्या फरशीवर जात होती. चाकाकडे पाहायला येणारे सगळे आत पोचलेल्या बाळांचा विचार करतात, तो करायलाच हवा. पण बाहेरच्या त्या हातभर जागेत किती जणी किती वेळ उभ्या राहिल्या असतील, पदराआड, अंधारात, पावसात. काही जणी बाळ आत सरकवून धावत सुटल्या असतील, काही जणी आतून रडण्याचा आवाज येईपर्यंत भिंतीला कान लावून थांबल्या असतील. वहीत बाळाच्या दुपट्याचा रंग आहे. त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. चाकाची सगळी रचनाच त्यासाठी होती, त्यांना लाजेपासून वाचवण्यासाठी, आणि त्या रचनेनं त्यांना इतकं चोख वाचवलं की त्या उरल्याच नाहीत. नेपल्सचे लोक त्या बाळांना मादोन्नाची, म्हणजे मरियामातेची लेकरं म्हणायचे. एक आई काढून घेतली तर दुसरी द्यायला हवी, एवढं त्या शहराला कळत होतं. तरी आत आलेल्यांपैकी पुष्कळशी बाळं पहिलं वर्षही ओलांडत नसत. दूध पाजणाऱ्या दाया अपुऱ्या, जागा अपुरी, आजार फार. १८७५ साली ते चाक बंद झालं.

जी जगली ती एस्पोसितो म्हणून जगली.

त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, त्या मुलांची मुलं झाली. आज नेपल्स आणि भोवतालच्या काम्पानिया प्रांतात हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे, आणि साऱ्या इटलीतल्या पहिल्या काही आडनावांत त्याचा नंबर लागतो. रोस्सी म्हणजे तांबूस केसांच्यांचे, फेर्रारी म्हणजे लोहारांचे, बियांकी म्हणजे गोरेपांढऱ्यांचे, रिच्ची म्हणजे कुरळ्यांचे. अशा सुस्थितीतल्या, रंगावरून आणि धंद्यावरून पडलेल्या आडनावांच्या रांगेत उघड्यावर ठेवलेल्यांचं आडनाव तोलामोलानं उभं आहे. १८८९ साली राणी मार्गेरीतासाठी टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीतलं बाझिल घालून पिझ्झा केला आणि राणीचं नाव त्याला दिलं, असं ज्याच्याबद्दल सांगतात तो नेपल्सचा पिझ्झावाला राफाएले एस्पोसितो. नेपल्समध्ये वकील एस्पोसितो आहेत, मासळीवाले एस्पोसितो आहेत, फुटबॉलपटू आहेत, पाद्री आहेत. त्या सगळ्यांचा मूळपुरुष एक नाही. एक चाक आहे. मालकीणबाईंच्या वाक्याचा अर्थ मला तिथे लागला. रक्ताचं नातं नाही असं त्या म्हणाल्या ते शब्दशः खरं होतं, आणि तरीही चार एस्पोसितो एका जिन्यावर राहतात, एकमेकांच्या मुलांना सांभाळतात, एकमेकांच्या घंट्या चुकून वाजल्या तर दार उघडतात.

प्रत्येक शहराची आपली रीत होती. रोममध्ये अशा मुलांना प्रोयेत्ती म्हणत, टाकलेली, फेकलेली. ऐकायलाच कठोर. व्हॅटिकनच्या अगदी शेजारी सांतो स्पिरितो नावाचं जुनं रुग्णालय आहे, तिथल्या भिंतीवर कोळ्यांच्या जाळ्यात तिबर नदीतून मेलेली अर्भकं येत असल्याचं चित्र आहे. ते पाहून पोप तिसरा इनोसंट हादरला आणि त्यातून ही व्यवस्था उभी राहिली अशी कथा सांगतात. सिसिलीत त्रोवातो, म्हणजे सापडलेला. बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती. इटलीच्याच रोमान्या भागात कासादेई, देवाच्या घरचे. आणि एक आडनाव आहे दियोताल्लेवी, म्हणजे देव तुला वाढवो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गलबलून आलं. वहीत नाव लिहिणारा कारकून दिवसाला किती बाळं नोंदत असेल, त्याचा हात दुखत असेल, शाई संपत आली असेल, आणि त्यानं आडनावाच्या जागी एक आशीर्वाद लिहून टाकला.

मिलानमध्ये आडनाव होतं कोलोंबो. म्हणजे कबूतर. तिथल्या मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह कबूतर होतं आणि १८२५ सालापर्यंत तिथली टाकलेली मुलं कोलोंबो व्हायची. अर्थात सगळेच कोलोंबो असे नव्हेत. कबुतरं पाळणारे कोलोंबो असायचे, अमेरिकेला गेलेला कोलंबस हाही जिनोआचा कोलोंबोच. पण मिलान शहरात आणि आसपास या आडनावाची एवढी गर्दी का, याचं मोठं उत्तर त्या रुग्णालयाच्या वह्यांत आहे. हे आडनाव मी वर्षभर रोज ऐकत होते. माझ्या लेकीनं ज्याच्याशी लग्न ठरवलं आहे त्याचं आडनाव कोलोंबो. तिनं घरी सांगितलं त्या संध्याकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा वसईहून फोन आला होता, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता. कोणाचा गं तो? मी तेव्हा सांगितलं, बाप रेल्वेत होता, आई शिक्षिका आहे. बहिणीचं समाधान झालं नाही. तिला त्याच्या मागच्या पायऱ्या हव्या होत्या. आता मला वाटतं, की चार-पाच पायऱ्या उतरल्यावर कदाचित एका रुग्णालयाच्या दाराशीच आपण पोचू, आणि तिथून खाली पायरी नाही. तसं असलं तर ते पूर्वजांतलं पहिलं मूल किती चिवट असलं पाहिजे. त्या काळी तशा पाळण्यांतून जगून बाहेर पडायचं, काम शिकायचं, घर मांडायचं. माझ्या घरात येणाऱ्या मुलाच्या मागे असा कुणी उभा असेल, तर मला त्याचा अभिमान वाटेल.

फ्लॉरेन्सला आम्ही दोन दिवस होतो. उफीत्सी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा मी ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंतीकडे गेले, निष्पापांचं रुग्णालय. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघानं पैसा दिला, वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीनं १४१९ साली बांधकामाला हात घातला, आणि १४४५च्या फेब्रुवारीत पहिलं बाळ आलं. मुलगी होती. संत आगाताचा दिवस होता म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं आणि पुढे जोडलं स्मेराल्दा, पाचू. पाच शतकं उलटून गेली तरी त्या एका मुलीचं नाव शहराला पाठ आहे. दर्शनी कमानींच्या वर निळ्या गोलांत आन्द्रेआ देल्ला रोब्बियानं केलेली पांढरी बाळं आहेत, मातीची, चकाकत्या मुलाम्याची, अंगभर पट्ट्या गुंडाळलेली. प्रत्येकाचे हात किंचित पसरलेले. इथल्या मुलांची आडनावं झाली इन्नोचेंती, नोचेंतीनी. फेकलेली, उघडी टाकलेली या शब्दांच्या मानानं फ्लॉरेन्सनं मुलांची बाजू घेतली असं मला वाटलं. तुझा दोष नाही, हे आडनावातच सांगून टाकलं.

आतल्या संग्रहालयात एका दालनात लहान लहान खण आहेत. खण ओढला की काचेखाली एखादी वस्तू. अर्धं तोडलेलं पदक, अर्धं नाणं, रिबिनीचा तुकडा, जपमाळेतले चार मणी, काचेचा एक तुकडा, बटण. आया बाळासोबत हे ठेवून जायच्या. उरलेला अर्धा भाग स्वतःपाशी. कधी दिवस पालटले, पैसे साठले, नवरा परत आला, तर येऊन अर्ध्याला अर्धा जुळवायचा आणि म्हणायचं, हे माझं. मी एकेक खण ओढत गेले आणि काही वेळानं मला पुढचा खण ओढवेना. खणात जे आहे ते न जुळलेलं आहे, म्हणूनच ते इथे आहे. लेक माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा हात धरला. आम्ही बाहेर चौकात येऊन बसलो. ऊन चढलं होतं, शाळकरी पोरांचा घोळका आइस्क्रीम खात पायऱ्यांवर ओरडत होता, त्यातल्या कुणाचं तरी आडनाव इन्नोचेंती असणार असं मला उगाच वाटत राहिलं.

मग प्रश्न येतो लाजेचा. आडनाव ऐकल्याबरोबर समोरच्याला कळावं की हा कुणाचाच नाही, हे शतकानुशतकं चाललं. नेपल्सवर १८०८ ते १८१५ नेपोलियनचा मेहुणा मुरात राज्य करत होता. त्याच्या राजवटीत हुकूम निघाला की यापुढे टाकलेल्या मुलांना एस्पोसितो हे आडनाव द्यायचं नाही. हुकूम चांगल्या मनानं काढलेला होता. मग कारकुनांना रोज नवीन आडनावं शोधणं आलं. व्हिन्चेन्त्सो जेमीतो हा शिल्पकार त्यातलाच. १८५२ साली जन्मला आणि लगेच अनुंत्सियाताच्या चाकात ठेवला गेला. जेमीतो म्हणजे कण्हणं, हुंदका. एका गरीब बाईनं त्याला घरी नेलं, तिच्या नवऱ्याला तो पुढे आपल्या शिल्पांसाठी समोर बसवायचा, त्याच म्हाताऱ्या मजुराच्या चेहऱ्यावरून त्यानं तत्त्ववेत्त्याचा पुतळा घडवला. त्याचा 'कोळ्याचा पोर' हा पुतळा फ्लॉरेन्सच्या बारजेल्लो संग्रहालयात आहे. खडकावर उकिडवा बसलेला किडकिडीत मुलगा, तडफडणारी मासळी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबून धरलेला. मी त्याच्याभोवती फिरून फिरून पाहिलं. निसटू पाहणाऱ्या जिवाला इतकं घट्ट धरणं ज्याला ब्राँझमध्ये दाखवता आलं, तो चाकातून आलेला होता.

हुकुमानं मुलं वाचली का? शाळेत, फौजेत, लग्नाच्या बोलणीत आडनावावरून ओळखलं जाणं थांबलं, हे मोठंच. पण जेमीतो हे आडनाव वागवणारा एकटा. एस्पोसितो एकटा नसतो. मला प्रामाणिकपणे वाटतं, की लाज झाकून जाण्यापेक्षा ती गर्दीत विरून जाणं जास्त टिकाऊ ठरलं. आज नेपल्समध्ये एस्पोसितो ऐकून कुणाच्या भुवया वर जात नाहीत. शाळेच्या वर्गांत ते सर्रास बसलेले असतात. आणि आडनाव बदलून सगळं संपलं असंही नव्हतं. इटलीच्या सरकारी कागदांवर बापाचं आणि आईचं नाव असायचं, आणि ज्यांना ते नव्हतं त्यांच्यापुढे लिहिलेलं असायचं एन. एन., नाव अज्ञात. एन. एन.चा मुलगा, एन. एन.ची मुलगी. नोकरीच्या अर्जावर, ओळखपत्रावर, जिथे जाल तिथे. १९५५ साली कायदा झाला आणि कागदांवरचे ते रकाने काढून टाकले गेले. माझ्या जन्माच्या थोडं आधीची ही गोष्ट आहे, आगाता स्मेराल्दाच्या काळातली नव्हे.

स्पेनमध्ये हेच आडनाव एक्स्पोसितो असं आहे. तिथे चौथ्या कार्लोसनं १७९४ साली काढलेला हुकूम मला विशेष वाटतो. टाकलेली सगळी मुलं कायद्याच्या दृष्टीनं औरस समजली जातील, त्यांना जन्मावरून शिवी देणाऱ्याला शिक्षा होईल. आणि पुढे असंही की त्यांच्या हातून गुन्हा घडला तर चौकात फटके, फाशी अशा हलक्या लोकांना द्यायच्या शिक्षा त्यांना देऊ नयेत, कारण न जाणो, ती कुणा थोर घरातलीही असतील. बाप माहीत नाही म्हणून तो कुणीही असू शकतो, आणि म्हणून मुलाला मान द्यायचा. हा तर्क मी पुष्कळदा मनात घोळवला. त्यात दया किती आणि उच्चनीचता किती हे मला वेगळं काढता येत नाही. हलक्या घरचा असता तर फटके चालले असते, हे त्याच वाक्यात बसलेलं आहे. १९२१पासून एक्स्पोसितो आडनाव असलेल्यांना ते बदलून घ्यायची वाट मोकळी झाली. अनेकांनी बदललं. अनेकांनी ठेवलं.

बाकी स्पेनची बहुतेक मोठी आडनावं 'कोणाचा रे तू?' याचं सरळ उत्तर देतात. रोद्रीगेस म्हणजे रोद्रीगोचा, फेर्नान्देस फेर्नान्दोचा, मार्तीनेस मार्तीनचा, सान्चेस सान्चोचा, पेरेस पेद्रोचा. शेवटचा तो 'एस' म्हणजे आपला 'चा'. पोर्तुगालमध्येही तीच रीत, आणि तिथून ती आमच्या दारात आली. माझं सासरचं आडनाव लोपीस. लोपेचा मुलगा. लोपे हे जुनं नाव, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला लांडगा आहे. वसईत आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्र्याचं किंवा धर्मबापाचं आडनाव मुलाला लागे, तसं कुणा लोपेच्या मुलाचं आडनाव केळी पिकवणाऱ्या माणसाला लागलं. म्हणजे आमच्या घरातही अमक्याचा मुलगा असं आडनाव आहे आणि तो अमका आमचा कुणी नाही. एस्पोसितोंहून हे फार वेगळं आहे का? त्यांना कुणीच मिळालं नाही, आम्हाला दुसऱ्याचा बाप मिळाला. आपले खरे आजे-पणजे मात्र आमच्याकडे ओट्यांवरच्या म्हाताऱ्यांनी तोंडी जपले.

नेपल्सच्या टोलेडो रस्त्यावरून चालताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तो रस्ता एका स्पॅनिश राज्यपालाच्या नावाचा, त्यालगतची उभ्या गल्ल्यांची वस्ती स्पॅनिश शिपायांसाठी वसवलेली. दोनशे वर्षं तिथे स्पेनचा अंमल होता, त्यामुळे नेपल्समध्येही लोपेझ आहेत. १५८० साली पोर्तुगालचं तख्तही स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेलं आणि साठ वर्षं राहिलं. तेवढी साठ वर्षं वसईचा किल्ला आणि नेपल्सचं बंदर एकाच राजघराण्याच्या ताब्यात होतं. आणि माझं माहेरचं आडनाव तर तुस्कानो, मूळ तोस्कानो, टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तिथला. टस्कनीच्या माणसाचं आडनाव पोर्तुगालमार्गे वसईला येऊन स्थिरावलं. फ्लॉरेन्सच्या हॉटेलात मुलीनं हे सांगितलं तेव्हा काउंटरवरचा माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, मग स्वागत आहे घरी. माझ्या रक्तात टस्कनीचा थेंबही नसावा, तरी मला ते ऐकून फार बरं वाटलं. कोणीतरी 'आपलीच' म्हणावं, याची भूक साठीतही जात नाही.

पण माझ्या पारपत्रावर तुस्कानो कुठेच नाही. लग्न झालं आणि ते गेलं. कोणी मागितलं नाही, मी दिलं असंही नाही, रीतच होती. नेपल्सच्या मालकीणबाईंना याचं नवल वाटलं, कारण एस्पोसितो हे त्यांचं स्वतःचं, बापाकडचं आडनाव. इटलीत लग्नानंतर बाईचं कागदावरचं आडनाव बदलत नाही. स्पेनमध्ये तर प्रत्येकाला दोन आडनावं, पहिलं बापाचं, दुसरं आईचं, आणि बाई ती दोन्ही जन्मभर वागवते. गार्सिया हे पहिलं आडनाव असलेली चौदा लाखांहून जास्त माणसं स्पेनमध्ये आहेत, त्यामुळे बापाचं आडनाव फार सर्रास असलं की लोक आईच्या आडनावानं ओळखू लागतात. पंतप्रधान होते ते रोद्रीगेस सापातेरो, जग त्यांना सापातेरो म्हणून ओळखतं, आईकडचं, चांभार या अर्थाचं. पिकासोचा बाप रुईस. पिकासो हे आईचं आडनाव, तिचं घराणं मूळचं इटलीतल्या जिनोआकडचं. त्यानं चित्रांवर सही करताना रुईस सोडून दिलं आणि आईचं ठेवलं. चाकाबाहेर उभ्या राहिलेल्या बायकांचा विचार करून करून थकलेल्या माझ्या मनाला ही गोष्ट फार गोड लागली.

तरी स्पॅनिश रीतीनं मी आमच्या घराची नावं वहीच्या पाठीवर लिहून पाहिली. मी तुस्कानो परेरा, कारण आई परेरांची. नवरा लोपीस डिमेलो. आमची लेक लोपीस तुस्कानो. परेरा गळालं, डिमेलो गळालं. आईचं आडनाव मुलीपर्यंत पोचतं, नातीपर्यंत पोचत नाही, कारण पुढे जातं ते बापाकडचंच. स्पेनमध्ये २०१७पासून बापाचं आडनाव आपोआप आधी लागत नाही, क्रम आईबापांनी ठरवायचा. इटलीच्या घटना न्यायालयानं २०२२ साली निकाल दिला, की मुलाला आपोआप बापाचंच आडनाव लागणं घटनेला धरून नाही; दोघांची लागतील, दोघांनी मिळून ठरवलेल्या क्रमानं. आपल्याकडे महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं, मग आडनाव. माझ्या भाच्याची मुलगी त्यानंतरची, तिच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचं नाव मी पाहिलं. नाव आलं, माहेर नाही आलं. एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं.

लेक आणि तिचा कोलोंबो मुलांचा विचार एवढ्यात करणार नाहीत, पण आडनावाचा वाद त्यांनी सुरू केला आहे. ती म्हणते कोलोंबो लोपीस कानाला बरं लागतं. तो म्हणतो, मिलानमध्ये कोलोंबो ढिगानं आहेत, लोपीस आधी लाव म्हणजे पोराला कोणी हाक मारली तर तेच वळून पाहील. मी त्यांना म्हटलं, क्रम तुम्ही काहीही ठेवा, पण मधल्या नावात कुठेतरी तुस्कानो बसतं का तेही बघा. तो म्हणाला, नगरपालिकेत विचारून येतो.